ओएको-टेक्सचा दाखला : टॉवेल-चादरीवाल्यांनी घ्यावा का, आणि घेतल्यावर टिकवावा कसा

युरोपातला टॉवेलचा खरेदीदार भाव विचारण्याआधी बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतो : ओएको-टेक्स आहे का? सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरचा टॉवेल कारखाना असो की इचलकरंजीतले शर्टिंग, उत्तर 'नाही' असेल तर पुढचे बोलणे अवघड होते. मग घाईने अर्ज जातो, घाईने नमुने जातात, दाखला येतो आणि चौकटीत बसवून ऑफिसच्या भिंतीवर लागतो. इथे परीक्षण आहे ते त्या कागदामागच्या सेवेचे, म्हणजे कापडात घातक रसायने ठरलेल्या मर्यादेबाहेर नाहीत असे सांगणाऱ्या 'स्टँडर्ड १००' या प्रमाणपत्राचे. ते काय तपासते, कुठे कडक आहे, कशाबद्दल गप्प राहते आणि आपल्याकडचा माल त्यात कशामुळे नापास होतो, हे क्रमाने पाहू.

ओएको-टेक्स ही संघटना १९९२ साली उभी राहिली. ऑस्ट्रियातली वस्त्र-संशोधन संस्था आणि जर्मनीतली होहेनस्टाइन संस्था यांनी ती सुरू केली, पुढच्याच वर्षी झुरिचची टेस्टेक्स सामील झाली आणि आज मुख्यालय झुरिचमध्येच आहे. काळ लक्षात घेतला तर या दाखल्याची गरज का पडली ते कळते. १९९४ मध्ये जर्मनीने फुटल्यावर अमाइन नावाची कर्करोगकारक संयुगे सोडणाऱ्या अझो गटातल्या रंगांवर बंदी आणली आणि भारतातून जाणाऱ्या मालाची कंटेनरे अडू लागली. आपल्या पर्यावरण मंत्रालयानेही मग बेंझिडिनवर आधारलेले ४२ आणि आणखी ७० अझो असे एकूण ११२ रंग हाताळण्यावर बंदी घातली. ही प्रक्रिया १९९७ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे ज्या रंगांमुळे माल परत येत होता ते आपल्याकडेही पंचवीसहून जास्त वर्षे बेकायदा आहेत. तरीही ते अधूनमधून सापडतात. का सापडतात ते पुढे येईलच.

या प्रमाणपत्राची सर्वांत चांगली बाजू म्हणजे त्याची वर्गवारी. कापड अंगाला किती लागते यावर चार वर्ग केले आहेत. पहिला वर्ग तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तूंचा. दुसरा वर्ग कातडीला थेट लागणाऱ्या कापडाचा, यात टॉवेल, चादर, बनियन, शर्ट आले. तिसऱ्यात कोट-जाकिटासारखे वरचे कपडे, चौथ्यात पडदे, टेबलक्लॉथ, सोफ्याचे कापड. वर्ग बदलला की मर्यादा बदलते आणि फरक भरपूर असतो. कातडीला त्रास देणारे फॉर्मल्डिहाइड हे रसायन घ्या. चौथ्या वर्गात किलोमागे ३०० मिलिग्रॅम चालते, तिसऱ्यात १५०, दुसऱ्यात ७५. पहिल्या वर्गात ते 'आढळताच कामा नये', म्हणजे व्यवहारात १६ मिलिग्रॅमच्या खाली. शिसे घामासारख्या द्रावणात उतरवून मोजतात. बाळांच्या मालात मर्यादा ०.२ मिलिग्रॅम, बाकी तिन्ही वर्गांत १. कापडाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा (७ म्हणजे उदासीन, वर गेला तर अल्क), पहिल्या दोन वर्गांत ४ ते ७.५ आणि पुढच्या दोन वर्गांत ४ ते ९. बाळ कापड तोंडात घालते, म्हणून पहिल्या वर्गात रंग लाळेला पक्का आहे का याचीही चाचणी होते. हा विचार मुळातून केलेला आहे आणि त्याबद्दल या संस्थेला पूर्ण गुण द्यायला हवेत.

दुसरी चांगली बाजू म्हणजे घातक रसायनांची यादी गोठलेली नाही. दर वर्षी जानेवारीच्या सुमारास नव्या मर्यादा जाहीर होतात आणि १ एप्रिलपासून लागू होतात. २०२४ मध्ये पीएफएएस म्हणजे पाणी-तेल न धरणारी फ्लोरिनची फिनिश जवळजवळ बाहेर काढली गेली आणि एकूण फ्लोरिनची मर्यादा १०० मिलिग्रॅम ठरली. २०२५ मध्ये बिस्फेनॉल-ए ची मर्यादा १०० वरून १० मिलिग्रॅमवर आली. पुष्कळदा युरोपचा कायदा मागून येतो आणि दाखला आधीच तिथे पोचलेला असतो. अझो अमाइनचेच पाहा, कायद्यात ३० मिलिग्रॅम चालते, इथे २०. निर्यातदाराला ही कटकट वाटते, पण पुढच्या दोन-तीन वर्षांत बाजार काय मागणार आहे याची इतकी नेमकी सूचना दुसरीकडे क्वचितच मिळते.

अर्जाची पद्धत

अर्ज ओएको-टेक्सच्या कोणत्याही एका सदस्य संस्थेकडे करायचा असतो. होहेनस्टाइनसारख्या संस्थांची भारतात कार्यालये आहेत, त्यामुळे पत्रव्यवहार सोपा झाला आहे. अर्जात मालाचे नाव लिहून भागत नाही. सूत कुणाचे, सायझिंग (विणण्याआधी सुताला दिलेली खळ) कुठले, रंग व रसायने कोणत्या कंपनीची आणि कोणत्या नावाची, शिवणीचा दोरा, लेबल, लटकवायची फीत, भरतकामाचा दोरा, असे सगळे घटक लिहावे लागतात. प्रत्येक घटक तपासला जातो. टॉवेल स्वच्छ पण लेबलची छपाई नापास, तर टॉवेल नापास. यात सवलतही आहे. सूतवाल्याकडे स्वतःचा चालू दाखला असेल तर त्याची प्रत जोडायची, मग सूत पुन्हा तपासत नाहीत, त्यानंतर तुम्ही जे घातले तेवढेच तपासतात. सोलापूरसारख्या ठिकाणी, जिथे सूत एकाकडून, रंगाई दुसरीकडे आणि विणाई तिसरीकडे होते, तिथे या सवलतीने खर्च बराच खाली येतो. मात्र सूतवाल्याचा दाखला तुमच्या मुदतीच्या मधेच संपत नाही ना, हे आधी पाहावे.

नमुन्यांबाबत निष्काळजीपणा सर्वांत महाग पडतो. फॉर्मल्डिहाइड वायूरूपात उडते आणि शेजारचे कापड ते शोषून घेते. रिंकल-फ्री शर्टिंग आणि बाळाचा टॉवेल एकाच खोक्यात गेले तर निर्दोष टॉवेलही १६ च्या वर जातो. प्रत्येक नमुना वेगळ्या जाड पॉलिथिन पिशवीत, तोंड घट्ट बंद करून पाठवावा. मोठा रंगसंच असेल तर संस्था फिका, मध्यम आणि गडद असे नमुने मागते. इथे आवडते फिके रंग पुढे करण्याचा मोह आवरावा. गडद काळा, लाल, नेव्ही आणि तुर्की निळा हेच पाठवावेत, कारण वर्षभर त्याच रंगांनी तुमची परीक्षा होणार आहे.

अर्जासोबत एक स्वयंघोषणा सही करून द्यावी लागते : पुढे जो माल निघेल तो नमुन्यासारखाच असेल. कित्येक जण हा कागद न वाचता सही करतात. खरे तर पूर्ण प्रमाणपत्राचा भार याच कागदावर आहे. संस्थेचा माणूस कारखान्याला भेट देतो, प्रयोगशाळा नमुने तपासते, आणि कागद-नमुने नीट असले तर काही आठवड्यांत दाखला हातात येतो. मुदत एक वर्ष. त्या वर्षात ओएको-टेक्स बाजारातून लेबल लावलेला माल उचलून तपासते आणि दोष निघाला तर दाखला काढून घेतला जाऊ शकतो. मिळवणे त्या मानाने सोपे आहे. चांगल्या रसायनांनी, चांगल्या दिवशी रंगवलेले पाच मीटर कापड कुणीही पास करून घेईल. हजारो किलो मालात तोच पीएच, तोच फिक्सर (रंग पक्का करणारे रसायन), तोच सॉफ्टनर (कापड मऊ करणारे रसायन) राखणे ही खरी गोष्ट आहे आणि तिथेच बहुतेक घसरतात.

माल नेमका कशाने पडतो

अझो रंगांची भीती सगळ्यांना असते, पण टॉवेल-चादरीत सर्वाधिक त्रास देणारी गोष्ट त्याहून साधी आहे : पीएच. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाईत, म्हणजे कापसाच्या तंतूशी रासायनिक जोड होणाऱ्या रंगांच्या रंगाईत, गडद छटेला लिटरमागे १५ ते २० ग्रॅम सोडा अ‍ॅश लागतो. तो कापसाच्या तंतूच्या आत जाऊन बसतो आणि टॉवेलच्या जाड फुलोऱ्यातून सहज निघत नाही. धुलाईचे पाणी वाचवायला एक-दोन बाथ कमी केले, शेवटी थोडे अ‍ॅसेटिक मारले, वरून पीएच ६.५ दिसला की बॅच पुढे जाते. मग वाळवणीत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड उडून जाते, आतला सोडा हळूहळू बाहेर येतो आणि प्रयोगशाळेत आकडा ८ च्या पुढे निघतो. मर्यादा ७.५ आहे, त्यामुळे ७.८ आला तरी नापासच.

याला जोड मिळते ती पाण्याची. बोअरचे जड पाणी वापरणाऱ्या कारखान्यांत शेवटच्या धुलाईतले बायकार्बोनेट कापडात राहते, स्टेंटर (कापड ताणून वाळवणारे यंत्र) किंवा ड्रायरच्या उष्णतेने त्याचे कार्बोनेट होते आणि वाळलेल्या कापडाचा पीएच ओल्या कापडापेक्षा चढतो. रंगारी म्हणतो बाथ सहावर होता, प्रयोगशाळा म्हणते कापड आठवर आहे. दोघेही खरे बोलत असतात. उपाय ठरलेले आहेत : सोपिंगच्या (न बसलेला रंग साबणाने काढण्याच्या) आधी एकदा नीट न्यूट्रलायझेशन, म्हणजे आम्लाने सोडा मारणे, ९० ते ९५ अंशांवर सोपिंग, पुरेशा गरम धुलाया, आणि शेवटच्या बाथला मऊ केलेले पाणी. उडून जाणाऱ्या अ‍ॅसेटिकऐवजी सायट्रिक किंवा कोअर-न्यूट्रलायझर म्हणून मिळणारी बफरयुक्त आम्ले वापरली तर आकडा टिकतो. लक्ष्य ६ ते ६.८ धरावे, ७.४ कधीच नाही.

ही चाचणी कारखान्यात करता येते आणि करायलाच हवी. वाळलेल्या कापडाचे २ ग्रॅम बारीक तुकडे, १०० मिलिलिटर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण, दोन तास हलवायचे, मग बफरने जुळवलेल्या मीटरवर वाचन घ्यायचे. आयएसओ ३०७१ मध्ये हीच रीत आहे. कापडावर इंडिकेटरचा थेंब टाकून रंग पाहण्याची जी सवय आहे तिने फक्त पृष्ठभाग कळतो. तुकडे फुलोऱ्यातून आणि काठातून वेगवेगळे घ्यावेत, दोन्हीकडे आकडा एकच येईल असे नाही.

फॉर्मल्डिहाइड तीन वाटांनी शिरते. पहिली वाट डाय-फिक्सरची. गडद रंग पाण्यात सुटू नये म्हणून शेवटी जो फिक्सर मारतात त्यात जुन्या पद्धतीचे डायसायनडायमाइड-फॉर्मल्डिहाइडचे संयुग असू शकते. ते स्वस्त असते, काम चोख करते आणि बाळांच्या वर्गात माल हमखास पाडते. पॉलिअमाइनवर आधारलेला फिक्सर घेतला की प्रश्न मिटतो, किलोमागे दर थोडा जास्त पडतो एवढेच. दुसरी वाट पिग्मेंट छपाईच्या बाइंडरची, म्हणजे रंग कापडाला चिकटवणाऱ्या रसायनाची. सेल्फ-क्रॉसलिंकिंग बाइंडर क्युअरिंगमध्ये (छपाई उष्णतेने पक्की करताना) फॉर्मल्डिहाइड सोडतात. बाळांच्या दुपट्यावरच्या चित्रांसाठी फॉर्मल्डिहाइडमुक्त बाइंडर मागावा लागतो आणि क्युअरिंगचे तापमान व वेळ पुरवठादार सांगतो तेवढेच ठेवावे लागतात. तिसरी वाट रेझिन फिनिशची, सुरकुती न पडणाऱ्या चादरीची. इथे एक फसवी गोष्ट आहे. फिनिशनंतर धुतले की मोकळे फॉर्मल्डिहाइड निघून जाते आणि चाचणी पास होते. पण रेझिन ओल-उष्णतेत हळूहळू सुटत राहते. पावसाळ्यात दोन महिने गोदामात पडलेला तोच माल पुन्हा चढलेला आकडा दाखवू शकतो. रेझिनचा माल गोदामात वेगळा ठेवावा, बाळांच्या मालापासून लांब.

तुर्की निळ्याचा वेगळा उल्लेख करायला हवा. रिअ‍ॅक्टिव्ह ब्लू २१ हा तुर्की निळा थॅलोसायनिनचा रंग आहे आणि त्याच्या रेणूच्या मध्यभागी तांबे असते. शिवाय कापसावर तो कमी बसतो, न बसलेला रंग धुऊन काढणे कष्टाचे असते. तांब्याची मर्यादा बाळांच्या वर्गात २५ मिलिग्रॅम, इतरांत ५०. सोपिंग अपुरे राहिले तर घामाच्या द्रावणात उतरणारे तांबे ही मर्यादा ओलांडते. म्हणून नीळसर-हिरव्या रंगाचा बाळ-टॉवेल हा स्टँडर्ड १०० मधला अवघड माल आहे. तो करायचा असेल तर सोपिंगची एक फेरी वाढवून त्याचा खर्च भावात आधीच धरावा. तो नंतर भरून निघत नाही.

आता अझो. चांगल्या कंपनीच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत बंदी असलेले अमाइन सहसा निघत नाहीत. धोका असतो तो सुटा, डब्यावर नाव नसलेला डायरेक्ट किंवा अ‍ॅसिड रंग, छपाईचे स्वस्त पिग्मेंट आणि हँक डाइंगमध्ये (सुताच्या लडी रंगवताना) 'तेवढाच शेड जुळवायला' घातलेली चिमूटभर पावडर यांत. बाजारात 'अझो-फ्री' असे शिक्के मारलेली बिले सर्रास दिसतात. हा शब्दच चुकीचा आहे. बहुतेक रिअ‍ॅक्टिव्ह रंग रासायनिकदृष्ट्या अझोच आहेत आणि त्यांत गैर काही नाही. बंदी आहे ती फुटल्यावर ठरावीक अमाइन सोडणाऱ्या अझोंवर. पुरवठादार 'अझो-फ्री' म्हणत असेल तर त्याला विषय माहीत नाही असे समजून त्या-त्या अमाइनचा चाचणी-अहवाल मागावा. प्रयोगशाळेत कापड ७० अंशांवर सोडियम डायथायोनाइटने फोडून निघणारे अमाइन मोजतात. मर्यादा २० मिलिग्रॅम इतकी बारीक असल्याने त्या चिमूटभर पावडरीनेही पूर्ण लॉट अडकू शकतो.

ताण्याच्या सायझिंगकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. स्टार्चच्या खळीला बुरशी लागू नये म्हणून पूर्वी पेंटाक्लोरोफिनॉल घालत. बाळांच्या वर्गात याची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. इचलकरंजीत सायझिंग बाहेरून करून घेणाऱ्याने एवढे तरी विचारावे की खळीला टिकाऊपणासाठी काय घालता, आणि उत्तर लेखी घ्यावे. डिसायझिंगमध्ये, म्हणजे खळ धुऊन काढताना, बरेचसे निघून जाते हे खरे, पण ०.०५ हा आकडा 'बरेचसे' वर सोडण्यासारखा नाही.

एपीईओ हे साबणासारखे काम करणारे रसायन वेटिंग एजंट (कापड भिजवणारे रसायन), स्कावरिंगचे (कोरे कापड उकळून धुण्याचे) डिटर्जंट आणि सिलिकॉन सॉफ्टनरच्या इमल्शनमध्ये लपलेले असते. नदीत गेल्यावर त्याचे नॉनिलफिनॉल होते आणि ते माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करते. युरोपात ३ फेब्रुवारी २०२१ पासून धुता येणाऱ्या कापडात नॉनिलफिनॉल इथॉक्सिलेटची मर्यादा ०.०१ टक्के, म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम आहे. सॉफ्टनर शेवटच्या बाथमध्ये लागतो आणि नंतर धुतला जात नाही, म्हणून त्यातला एपीईओ जसाच्या तसा मालात जातो. रंगांची तपासणी काटेकोर करून सॉफ्टनरकडे दुर्लक्ष करणे ही फार सामान्य चूक आहे.

उरलेल्या घटकांत एकच सांगतो. हॉटेलच्या टॉवेलवर किंवा मुलांच्या टीशर्टवर जाड रबरी छपाई असेल तर ती बहुधा प्लास्टिसॉल या प्लास्टिकच्या शाईची असते आणि त्यात थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारे रसायन, असू शकते. बाळांच्या वर्गात एकूण मर्यादा ०.१ टक्का. झिप-बटणे असतील तर निकेल आणि रंगातले शिसे पाहावे.

या सगळ्यांना एकच कुलूप आहे, आणि ते म्हणजे रसायनांच्या कोठीला लावायचे कुलूप. कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पिंपाचे नाव, कंपनी, लॉट क्रमांक वहीत उतरायला हवा. शक्यतो ओएको-टेक्सचा रसायनांसाठीचा 'इको पासपोर्ट' दाखला किंवा झेडडीएचसी या संघटनेच्या निषिद्ध-रसायन यादीशी जुळल्याचा दाखला असलेलीच रसायने घ्यावीत. पिंपातून दुसऱ्या बिनलेबल डब्यात ओतून ठेवणे पूर्ण बंद व्हावे. ऑर्डरची तारीख जवळ आली, नेहमीचा फिक्सर संपला आणि शेजारच्या युनिटमधून एक कॅन मागवला, दाखला खोटा ठरतो तो अशाच वेळी. जॉबवर रंगाई करून घेणाऱ्याने हे करारात लिहून घ्यावे, कारण घोषणापत्रावर सही रंगाईवाल्याची नसते, दाखलाधारकाची असते.

मुंबईत प्रभादेवीला वस्त्रोद्योग समिती आणि घाटकोपरला बीटीआरए ही वस्त्र-संशोधन संस्था आहे. अर्जाआधी शंका असलेले दोन-तीन रंग इथे तपासून घ्यावेत. त्या अहवालावर ओएको-टेक्सचा दाखला मिळत नाही, पण नापास होण्याची फी आणि वेळ वाचतो.

जे या दाखल्यात नाही

स्टँडर्ड १०० वस्तू तपासते, कारखाना नाही. नाव पाहून घोटाळा होतो म्हणून स्पष्ट लिहितो. '१००' म्हणजे शंभर टक्के सुती नव्हे, नैसर्गिक नव्हे, सेंद्रिय तर नव्हेच. पूर्ण पॉलिएस्टरच्या कापडालाही हा दाखला मिळतो आणि तो योग्यच असतो. सेंद्रिय कापसाचा दावा आता या दाखल्यातून काढून वेगळ्या प्रमाणपत्राकडे दिला आहे, हे चांगले झाले. मूळ मुद्दा याहून गंभीर आहे. कापड नीट धुतलेले, पीएच ६.५, फॉर्मल्डिहाइड शून्य, आणि ते धुतलेले सारे पाणी प्रक्रिया न करता ओढ्यात सोडलेले, असे असले तरी वस्तूच्या चाचणीत ते दिसत नाही. उलट कापड जितके जास्त धुवाल तितके ते चाचणीत स्वच्छ आणि सांडपाणी तितके जास्त.

तिरुपूरने याची किंमत मोजली आहे. नोय्यल नदीवरचे ओरथुपालयम धरण रंगाईच्या पाण्याने भरले आणि २०११च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाई युनिटे बंद केली. त्यानंतर शून्य-विसर्ग यंत्रणा, म्हणजे सांडपाणी बाहेर अजिबात न सोडणारी यंत्रणा, उभारूनच ती सुरू होत गेली. इचलकरंजी आणि पंचगंगेचा वाद आपल्या डोळ्यांसमोर आहे. बाळाच्या अंगावरचा टॉवेल निर्धोक आणि त्याच टॉवेलमुळे दुसऱ्या बाळाच्या गावचे पाणी रंगीत, हे ज्याला मान्य नाही त्याला स्टँडर्ड १०० वर थांबता येणार नाही.

ओएको-टेक्सकडे यासाठी 'स्टेप' आहे. ते कारखान्याचे प्रमाणपत्र, मुदत तीन वर्षे. रसायन व्यवस्थापन, पर्यावरण कामगिरी, पर्यावरण व्यवस्थापन, सामाजिक जबाबदारी, गुणवत्ता आणि कामगारांची सुरक्षा-आरोग्य असे सहा भाग तपासतात, आधी ऑनलाइन प्रश्नावली आणि मग प्रत्यक्ष पाहणी. माल स्टँडर्ड १०० ला उतरलेला आणि कारखाने 'स्टेप' मध्ये असले तर 'मेड इन ग्रीन' लेबल मिळते. त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की माल कोणत्या टप्प्यांतून, कोणत्या देशांतून आला ते दिसते. ही जोडी स्टँडर्ड १०० पेक्षा कितीतरी जास्त सांगते. पण मेहनतही तितकीच आहे : पाणी, वीज, वाफ, रसायन यांच्या महिनावार नोंदी, कामाच्या तासांची हजेरीपत्रके, सांडपाण्याचे अहवाल. ज्यांच्या नोंदी आजवर तोंडी होत्या त्यांना पहिल्या पाहणीला किमान सहा महिने तयारी लागेल असे धरावे.

गॉट्स (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र हा दुसरा रस्ता, पण तो फक्त सेंद्रिय तंतूचा. ९५ टक्के सेंद्रिय असेल तर 'सेंद्रिय' असे लेबल, ७० टक्के असेल तर 'सेंद्रिय तंतूने बनवलेले'. इथे रसायने आधीच मंजूर यादीतून घ्यावी लागतात आणि ओल्या प्रक्रियेचे सांडपाणी मोजले जाते : सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचे एक माप) किलो मालामागे २० ग्रॅमच्या आत, पीएच ६ ते ९, तापमान ३५ अंशांखाली. दर वर्षी पाहणी होते आणि प्रत्येक खेपेला व्यवहार-प्रमाणपत्र, म्हणजे त्या खेपेतला माल प्रमाणित असल्याचा कागद, लागते. ही शेवटची अट गॉट्सची ताकद आहे आणि दुखरी जागाही. २०२० मध्ये भारतात बनावट व्यवहार-प्रमाणपत्रांवर सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून दाखवल्याचे गॉट्सनेच उघड केले आणि ११ कंपन्यांवर बंदी घातली. चूक झाकली नाही, हे त्यांच्या बाजूचे. पण सेंद्रिय सूत विकत घेणाऱ्याने बिलासोबतचे कागद मूळ प्रमाणन संस्थेकडे पडताळल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा त्यातून निघणारा व्यवहार.

आपल्या सरकारचा इकोमार्क, तो मातीच्या मडक्याचा शिक्का, १९९१ पासून आहे. तो बाजारात रुजला नाही. २०२४ मध्ये त्याचे नवे नियम आले आहेत, पण परदेशी खरेदीदारापुढे आज तरी त्याने काम भागत नाही.

खर्चाचे दर संस्थेनुसार आणि घटकांच्या संख्येनुसार बदलतात, म्हणून इथे आकडा देण्यात अर्थ नाही. त्यात वार्षिक परवाना फी, चाचण्यांची फी आणि भेटीचा खर्च असे तीन भाग असतात. यांतला चाचण्यांचा भाग तुमच्या हातात असतो. दहा प्रकारचे दोरे आणि पाच प्रकारची लेबले वापरत असाल तर ती दोन-दोनवर आणा, रसायनांची यादी निम्मी करा, दाखला असलेले सूत घ्या. फी खाली येईलच, शिवाय चुकायला जागाही कमी उरेल. निर्यात करणाऱ्या किंवा बाळांचा माल बनवणाऱ्या मध्यम कारखान्याने स्टँडर्ड १०० घ्यावा, दुसऱ्या वर्गात सुरुवात करावी आणि वर्षभर नापास बॅच न गेल्यास पहिल्या वर्गाकडे जावे. ओली प्रक्रिया स्वतः करणाऱ्याने दोन-तीन वर्षांत 'स्टेप' चा विचार करावा. फक्त स्थानिक बाजारात रुमाल विकणाऱ्या छोट्या मागवाल्याने फी भरण्याऐवजी आधी फिक्सर आणि सॉफ्टनर बदलावेत. गिऱ्हाइकाचे भले त्याने जास्त होईल.

दुकानात किंवा ऑनलाइन हे लेबल दिसले तर ग्राहकाने काय पाहावे? लेबलवर प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तपासणाऱ्या संस्थेचे नाव असते. क्रमांक नसलेले नुसते चिन्ह मोजू नये. ओएको-टेक्सच्या संकेतस्थळावर 'लेबल चेक' मध्ये क्रमांक टाकला की दाखला चालू आहे का, कुणाच्या नावावर आहे, कोणत्या वर्गाचा आहे आणि कोणत्या मालासाठी आहे हे समोर येते. मालाचे वर्णन नक्की वाचावे. दाखला कोऱ्या सुताचा आणि विकली जातेय रंगीत छापील चादर, असे असेल तर त्या दाखल्याचा चादरीशी संबंध सुतापुरताच आहे, रंग आणि छपाई तपासलेली नाही. बाळासाठी घेत असाल तर वर्ग पहिलाच हवा. पडद्याच्या कापडाचा चौथ्या वर्गाचा दाखला दाखवून कुणी त्याचे दुपटे विकत असेल तर फॉर्मल्डिहाइडची मर्यादा तिथे ३०० आहे हे लक्षात ठेवा. नाव दुकानदाराचे नसणे यात गैर काही नाही, दाखला बहुधा बनवणाऱ्याच्या नावावर असतो. तारीख उलटून गेली असेल तर मात्र नूतनीकरण झाले का हे विचारावे. कारखानदारांनी यासाठी मुदतीआधी अडीच-तीन महिने अर्ज करावा, आणि मुदत मार्च-एप्रिलमध्ये संपत असेल तर १ एप्रिलच्या नव्या मर्यादांनुसारच नमुने तयार ठेवावेत.